पदराआडचा पासवर्ड

"तिकडं बघ."

हे दोन शब्द ऐकले की समोरच्यानं मान वळवायची, असा आमच्या रेकॉर्ड रूमचा कायदा होता. मग ताई पदराचं टोक पुढे ओढून कीबोर्डवर पसरायच्या, दोन्ही हात त्याखाली घालायच्या आणि थोडा वेळ पदर नुसता हलत राहायचा. टोपलीखाली कोंबडीची पिल्लं झाकून ठेवली असावीत तसा. एंटरचा टक्क आवाज झाला की पदर परत खांद्यावर जायचा.

"हां. आता बघ."

हा कायदा सगळ्यांना लागू होता. एकदा ट्रस्टचे अध्यक्ष चार पाहुण्यांना रुग्णालय दाखवत रेकॉर्ड रूममध्ये आले. "ताई, यांना आपली सिस्टिम दाखवा जरा," ते म्हणाले. "दाखवते की. तिकडं बघा, साहेब." अध्यक्ष पाहुण्यांसकट भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर आग लागल्यास सिलिंडर कसा वापरावा याचा तक्ता होता. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांतल्या एकानं तो मोठ्यानं वाचायला घेतला. "पहिल्यांदा पिन ओढा" इथपर्यंत तो आला, तोवर ताईंचं काम झालं होतं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. रुग्णालयाचंही नाही. वसई पश्चिमेला ट्रस्टचं एक रुग्णालय होतं, आजही आहे, आणि मी तिथे सहा वर्षं कॉम्प्युटर सांभाळायचो, एवढं पुरे. ताईंच्या नावाला एकदा जे लागायचं ते लागून गेलं आहे. ते माझ्यामुळे लागलं. परत ते नाव चारचौघांत आणायचा हक्क मला नाही.

ताई कळंबच्या. समुद्रावरच्या मासेमारी घरातल्या. नवरा लवकर गेला, तेव्हा ओळखीनं इथे फायली उचलायच्या कामावर लागल्या आणि वीस-बावीस वर्षांत रेकॉर्ड रूमच्या मालकीणच झाल्या. मी आलो तेव्हा कागदी फायलींबरोबर कॉम्प्युटरही त्यांच्याकडे आला होता. आमची सगळी नोंद एका लिनक्स सर्व्हरवर होती. व्यवस्था जुनी, साधी. प्रत्येक टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी, तिच्यात पांढरी अक्षरं. तिला आम्ही टर्मिनल म्हणायचो. ताई पाटी म्हणायच्या.

पाटीवर काय लिहायचं ते त्यांच्या एका वहीत होतं. मी इंग्रजीत सांगायचो, त्या आपल्या भाषेत उतरवून घ्यायच्या. "एल एस: खोलीत काय काय हाय ते बघ." "सी डी: दुसऱ्या खोलीत जा." "आर एम: मारून टाक. इचारल्याशिवाय करू नको." एखादा शब्द चुकला की मशीन तो शब्द आपल्याकडे आहे का ते शोधायचं आणि 'अशी आज्ञा सापडली नाही' असं इंग्रजीत सांगायचं. ताई त्याला उत्तर द्यायच्या. "नसंल तर नसू दे. वरडतोस कशाला?"

जुन्या रुग्णांच्या फायली एका बंद कप्प्यात होत्या. तो उघडताना मशीन दर वेळी पासवर्ड मागायचं. म्हणजे दिवसातून पंधरा-वीस वेळा पदर पुढे, मान तिकडे. मी एकदा हसून म्हणालो, "ताई, पासवर्ड टाकताना स्क्रीनवर अक्षरं उमटतच नाहीत. कशाला एवढं?"

"बोटं दिसतात ना?"

"कोण बघतंय तुमची बोटं?"

"बघनारा सांगून बघतो काय?" त्या म्हणाल्या. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

कळंब म्हणजे गाव लहान, आणि आजारी पडलं की निम्मं गाव आमच्याच रुग्णालयात. बायका औषधाच्या खिडकीवरून मुद्दाम वाकडी वाट करून रेकॉर्ड रूमच्या दारात यायच्या. "काय गं, ती अमक्याची सून ॲडमिट होती, तिला काय झालेलं?" ताईंचं उत्तर ठरलेलं. "मला कुठं वाचता येतंय!" समोर फायलींचा डोंगर, हातात पेन, नाकावर चष्मा, आणि हे उत्तर. विचारणारीलाही हसू यायचं, आणि विषय तिथेच मिटायचा.

मी कामाला लागल्यावर दोन वर्षांनी मला एक गोष्ट कळली. माझे वडील दारू पीत. आम्ही गोखिवऱ्याला राहायचो, आणि इमारतीत कुणाला कळू नये म्हणून आई 'पोटाचा त्रास' म्हणायची. एकदा रक्ताची उलटी झाली तेव्हा आईनं त्यांना याच रुग्णालयात आणलं होतं. मी तेव्हा पुण्याला शिकत होतो. बॅकअप तपासताना ती फाइल माझ्यासमोर आली. काढणारीचं, ठेवणारीचं, तीन वेळा परत काढणारीचं नाव ताईंचं होतं. पत्ता, आडनाव, सगळं तिच्यात होतं. मी पहिल्या दिवशी माझं पूर्ण नाव सांगितलं तेव्हाच त्यांना कळलं असणार. दोन वर्षांत त्यांनी एका शब्दानं, एका नजरेनं कळू दिलं नव्हतं. फक्त डब्यातला जवळ्याचा झुणका पुढे करताना कधीतरी विचारायच्या, "आई बरी हाय ना?" बाबांबद्दल कधीच नाही.

मी त्यांना विचारलं, "ताई, माझ्या बाबांची फाइल तुम्ही पाहिली होती?"

"मला कुठं वाचता येतंय!" त्या म्हणाल्या, आणि भाकरीचा तुकडा माझ्या डब्यात टाकला.

आता मी काय केलं ते सांगतो.

आमच्या सर्व्हरवर एक सोय होती. कुणीही सगळ्यांच्या किंवा एकट्या कुणाच्या पाटीवर एक ओळ पाठवू शकायचं. 'लाइट जाणार आहे, काम सेव्ह करा', 'हाडांचे डॉक्टर आले', असलं काहीबाही. ताई तिच्यावरून 'चहा आला' असं पाठवायच्या. एके दिवशी सुरक्षेच्या सूचनांच्या मेलमध्ये बातमी आली, की संदेश पाठवणाऱ्या या आज्ञेतच एक दोष आहे. वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात आला नव्हता. संदेशात दिसणारी अक्षरं असतात तशी न दिसणारी, पडद्याला हुकूम देणारी अक्षरंही घालता येतात. ती गाळली जायला हवीत, पण गाळली जात नव्हती. म्हणजे मी माझ्या टेबलावरून दुसऱ्याची पाटी पुसून तिच्यावर 'पासवर्ड द्या' अशी खोटी ओळ लिहू शकत होतो. त्या माणसाला वाटणार, मशीनच मागतंय. तो पासवर्ड टाइप करणार. पण मशीननं तो मागितलेलाच नसतो, त्यामुळे मशीनला ती एखादी आज्ञा वाटते, आणि ते तो शब्द घेऊन शोधायला निघतं. चालू कामांची यादी त्या सर्व्हरवर कुणालाही बघता येते. क्षणभर तो शब्द त्या यादीत उघडा पडतो. पुन्हा एक संदेश पाठवून पाटी स्वच्छ केली, की बिचाऱ्याला काही झाल्याचा पत्ताही लागत नाही.

उपाय त्याच मेलमध्ये होता. नवीन आवृत्ती घालायची, नाहीतर तोवर संदेश येणं बंद करून ठेवायचं. मी ठरवलं, रविवारी करू.

आणि रविवार यायच्या आत मला तो दोष खरा आहे का ते करून बघायचं होतं. खरं सांगायचं तर करून दाखवायचं होतं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये माझ्याच वयाचा एक मित्र होता. आम्ही चहाला एकत्र जायचो, त्याला असल्या गोष्टींची आवड होती. मी त्याला माझ्या खुर्चीमागे उभं केलं. "कुणाचा काढू, बोल." तो म्हणाला, "ताईंचा काढून दाखव. मग मानतो."

मीही त्यांचाच काढणार होतो. इतरांचे पासवर्ड काय, निम्म्या लोकांनी मॉनिटरला चिकटवून ठेवले होते. त्यात कसली मर्दुमकी?

माझ्या खोलीच्या काचेतून रेकॉर्ड रूम दिसायची. मी संदेश पाठवला. ताईंनी पाटीकडे पाहिलं. दारात एक नर्स उभी होती, तिला त्या काहीतरी म्हणाल्या, आणि तिनं मान वळवली. मग पदर पुढे आला, हात त्याखाली गेले. माझ्या पडद्यावर यादी सरकत होती, आणि तिच्यात एका ओळीत तो शब्द आला.

मित्रानं शीळ घातली. मी हसलो. पलीकडे ताईंनी पदर खांद्यावर घेतला आणि नर्सला म्हणाल्या असतील, "हां. आता बघ."

तो शब्द काय होता ते मी सांगणार नाही. घरात एखाद्यालाच ज्या नावानं हाक मारतात, तसा तो शब्द होता. तो दिसताक्षणी मला कळलं होतं की हे मी बघायला नको होतं. तरी मी हसलो होतो.

त्याच वेळी उठून चार पावलं चालत जाऊन "ताई, पासवर्ड बदला" म्हणायला हवं होतं. पण का, ते सांगावं लागलं असतं. रविवारी मला चिंचोटीला मित्रांबरोबर धबधब्यावर जायचं होतं. मी गेलो. अपडेट पुढच्या रविवारवर ढकललं.

त्या आठवड्यात एक लग्न मोडलं.

मुलगी कळंबची. ताईंच्या घरापासून तीन घरं सोडून. बालवाडीत शिकवायची. लहानपणी तिला फिट यायच्या, अजून गोळ्या चालू होत्या, आणि तिची फाइल आमच्याकडे होती. मुलाकडच्यांना हे कुणीतरी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तर तपासण्यांच्या कागदाचा फोटो पाठवला. मुलीचे वडील तो फोटो फोनवर घेऊन रुग्णालयात आले, आणि ओरडले नाहीत. टेबलावर फोन ठेवून नुसते उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

प्रशासकांनी मला नोंदी काढायला सांगितल्या. ती फाइल ताईंच्या नावानं उघडली गेली होती. वेळ दुपारची, ताई जेवायला गेल्या होत्या तेव्हाची. आणि ज्या कॉम्प्युटरवरून उघडली तो लॅबमधला. मुलाकडची मंडळी माझ्या मित्राच्या नात्यातली होती, हे मला मागाहून कळलं. पण कुणी केलं ते मला त्या नोंदी बघतानाच कळलं होतं.

प्रशासकांच्या खोलीत आम्ही तिघं होतो.

"ताई, तुम्ही पासवर्ड कुणाला दिला होता?"

"कोनाला नाय."

"कुणी बघितला असेल?"

"नाय साहेब. कोनाला बघू देत नाय मी."

"मग तुमच्या नावानं फाइल उघडली कशी? आणि मुलगी तुमच्याच गावची. शेजारची."

ताई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. सुटका झाल्यासारखं त्या माझ्याकडे बघत होत्या. "ह्याला इचारा साहेब. ह्याला सगळं कळतं. हा पोरगा खोटं बोलनार नाय."

प्रशासकांनी मला विचारलं, "त्यांनी न देता दुसऱ्या कुणाला त्यांचा पासवर्ड मिळू शकतो का?"

मी म्हणालो, "सर, नोंदीत लॉगिन त्यांचंच आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. लॅबच्या कॉम्प्युटरबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर ताई जिन्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या तोंडातून कदी गेलं असंल का रे? फायली लावताना मी पुटपुटते ना, तवा?"

मी म्हणालो, "माहीत नाही, ताई."

त्यांना घरी बसायला सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांनी राजीनामा पाठवून दिला, भाच्याच्या हाती. आणि त्यांना घरी बसवलं त्याच दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मी ते अपडेट करून टाकलं. सर्व्हर बंद करून परत चालू होईपर्यंत वीस मिनिटं लागली. ज्याला रविवारी वेळ मिळाला नव्हता ते काम एका डब्याच्या वेळात झालं. दोष गेला, आणि तो होता याची खूणही गेली.

मित्राशी मी बोललो. तो म्हणाला, "मला काय माहीत लग्न मोडेल म्हणून? मी फक्त त्यांना सावध केलं. आणि पासवर्ड मला दिला कुणी?" त्यानंतर आम्ही वेगवेगळ्या वेळी चहाला जाऊ लागलो.

अडीच महिने गेले. रेकॉर्ड रूममध्ये नवीन मुलगी आली. तिनं पासवर्ड एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला. मी रोज ती चिठ्ठी बघायचो आणि काही बोलायचो नाही. कुणालाही पासवर्डबद्दल दोन शब्द सांगायचं तोंड मला राहिलं नव्हतं.

मग एक दिवस नोंदणीच्या खिडकीवर कळंबची एक म्हातारी आली. तिला दम लागत होता. केसपेपर काढायच्या आधी तिनं आत वाकून विचारलं, "ती आमच्या गावची बाई हाय का अजून हितं?"

"नाही आजी, गेल्या त्या."

"मंग काढ," म्हातारी म्हणाली. "ती असती तर मी आली नसती. गावभर करते."

मी खिडकीच्या मागे राउटरची वायर बदलत बसलो होतो. वायर हातात धरून तसाच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून कळंबला गेलो. नालासोपाऱ्याहून बस होती. उतरल्यावर एका बाजूला सुट्टीला येणाऱ्या लोकांच्या खोल्या, त्यांच्या रंगीत पाट्या, आणि दुसऱ्या बाजूला काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील. ताईंचं घर विचारलं तर एका बाईनं नुसता हात दाखवला.

त्या ओट्यावर जवळा निवडत बसल्या होत्या. मला बघून चेहरा फुलला.

"अरे ये! बस. पानी देऊ?"

मी म्हणालो, नको. पाणी प्यायलो असतो तर सांगू शकलो नसतो. ओट्याच्या कडेला बसून सगळं सांगितलं. खोटी ओळ, काचेपलीकडचा मी, मागे उभा असलेला मित्र, यादीत आलेला तो शब्द. त्यांचे हात चालूच होते. जवळ्यातला कचरा एका बाजूला, जवळा एका बाजूला. शब्द दोघांनी वाचला, असं मी म्हणालो तेव्हा हात थांबले.

"तू वाचलास?"

"हो."

"मोठ्यानं?"

"नाही. मनात."

त्यांनी विचारलं, "तवा साहेबांसमोर का नाय बोललास? नोकरी जाईल म्हनून?"

"नाही," मी म्हणालो. "म्हणजे तेही असेल. पण सगळे मला मूर्ख म्हणतील, त्याची लाज वाटली."

"आनि आता?"

"आता दुसऱ्या गोष्टीची वाटते."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मला सांगून काय व्हनार, पोरा? मी नाय सांगितलं हे मला ठाऊकच व्हतं." मग मान हलवली. "नाय. ठाऊक नव्हतं. महिनाभर मी रात्रंदिवस आठवत बसले, कदी बोलले, कोनाजवळ बोलले. झोपेत बोलत असेन म्हनून बहिनीकडं झोपायची बंद झाले. माझं मला ठाऊक असलेलंबी तू काढून नेलंस."

त्यांचा आवाज चढला नाही. मी खाली बघत होतो. माझ्या बुटाला वाळू लागली होती.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "जिथं सांगायचं तिथं सांग."

तीन घरं चाललो. त्या अंगणाबाहेर वाटेतच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मी आत येत नाय. तू जा."

आत मुलगी आणि तिची आई होती. टर्मिनल म्हणजे काय, सर्व्हर म्हणजे काय, हे मी त्या माउलीला सांगायला लागलो आणि माझं मलाच कळेना की मी काय बोलतोय. इतकी वर्षं ज्या शब्दांची मला ऐट होती, त्यांतला एकही तिथे उपयोगाला येईना. आई नुसती बघत होती. शेवटी मुलीनंच मला थांबवलं.

"म्हणजे काकूंनी दिला नाही," ती म्हणाली. "तुम्ही घेतलात. आणि तुम्ही दिलात."

"हो."

"एवढंच आहे ना? मग एवढंच सांगा. बाकीचं कशाला सांगताय?"

ती बालवाडीच्या मुलांसाठी रंगीत कागदाचे मासे कापत होती. कात्री खाली ठेवून म्हणाली, "लोक म्हणतात, बरं झालं लग्नाआधी कळलं. मला त्याला सांगायचंच होतं. वार पण ठरवला होता, रविवार. ते माझं होतं सांगायचं."

आई उठली. बाहेर गेली. दारातून मला दोघी दिसत होत्या. पंधरा-वीस वर्षं पापलेटच्या वाट्यापासून बाळंतविड्यापर्यंत सगळं वाटून घेतलेल्या बायका, आणि अडीच महिन्यांत त्यांच्यात शब्द नव्हता. मला वाटलं, आता रडतील, मिठी मारतील. तसं काही झालं नाही. आई म्हणाली, "जेवलीस काय?"

"जेवते आता."

"आत ये."

"आज नको," ताई म्हणाल्या. "उद्या येते."

मी दुसऱ्या दिवशी प्रशासकांना सगळं लिहून दिलं. मुलीनं सांगितल्याप्रमाणे लिहिलं. मी घेतला, मी दिला, विचारल्यावर लपवलं. मित्राची नोकरी गेली. जाताना तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "तुला मोकळं व्हायचं होतं, झालास." त्याचं तेवढं चूक नव्हतं. मलाही राजीनामा द्यायला सांगितलं. तो मी लिहूनच नेला होता.

रुग्णालयानं ताईंना पत्र पाठवलं, परत या म्हणून. त्या आल्या, पण एकच दिवस. हे मला त्या नवीन मुलीनं फोनवर सांगितलं. पावसाळ्यात कुठल्या कपाटाच्या तळाशी ओल येते, कुठल्या डॉक्टरांचं अक्षर कसं वाचायचं, कुठल्या रॅकच्या मागे उंदीर घर करतात, हे सगळं त्यांनी तिला फिरून दाखवलं. मॉनिटरवरची पिवळी चिठ्ठी काढली, दुमडून तिच्या हातात दिली, आणि म्हणाल्या, "ही घरी ने. चुलीत घाल." प्रशासकांनी थांबायचा आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "मन लागत नाय आता, साहेब."

मी हल्ली मुंबईत एका कंपनीत आहे. काम तेच, सर्व्हर सांभाळायचे. सुरक्षेचं अपडेट आलं की त्याच दिवशी घालतो. सहकाऱ्यांना वाटतं, मी फार काटेकोर आहे. एकानं तसं म्हटलं तेव्हा मी विषय बदलला.

ताईंना मी त्यानंतर एकदाच पाहिलं, गेल्या वर्षी. निर्मळला एकाकडे लग्न होतं म्हणून नालासोपाऱ्याला बसमध्ये चढलो. कळंबला जाणारी बस. खिडकीपाशी ताई बसल्या होत्या. केस पुष्कळ पांढरे झालेले. आता त्या गावातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, त्या खोल्यांचंच सामान घेऊन चालल्या असाव्यात. शेजारच्या जागेवर भरलेली पिशवी होती, वर नव्या चादरींची घडी.

त्यांनी मला पाहिलं. ओळखलं. हसल्या नाहीत. मान परत खिडकीकडे वळवली. मग बस सुटताना त्यांनी ती पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि मांडीवर घेतली.

शेजारची जागा मोकळी झाली. बस भरत गेली, लोक माझ्या अंगावरून पुढे सरकत होते. कंडक्टर म्हणाला, "अहो, बसा ना, जागा आहे."

मी दांडा धरून निर्मळपर्यंत उभाच राहिलो.